रस्ता मोकळा आहे, असं मी म्हणालो

मी अंबारोच्या चहाच्या टपरीवरचा रेडिओ बोलतोय. तुम्ही म्हणाल, रेडिओ बोलला त्यात काय नवल? बोलणं हाच त्याचा धंदा! खरं आहे. पण आजवर जे बोललो ते सगळं दुसऱ्याचं. गाणी दुसऱ्याची, बातम्या दुसऱ्याच्या, साबणाची जाहिरातसुद्धा दुसऱ्याची. स्वतःचं असं आज पहिल्यांदाच बोलतोय, आणि तेही मान खाली घालून.

माझा जन्म चीनमधल्या एका कारखान्यात झाला. एका बाईनं माझ्या पोटात तारा जोडल्या, दुसरीनं पाठीवर झाकण बसवलं, तिसरीनं मला कानाशी धरून खरखर ऐकली आणि मान डोलावली. एवढंच माझं बालपण. पुढे खोक्यात बसून समुद्र ओलांडला आणि सोमालियाच्या किनाऱ्यावर उतरलो. बंदराच्या बाजारात आम्हा भावंडांचा ढीग लागला होता. हिरसी नावाच्या ट्रक ड्रायव्हरनं अकरा जणांना वाजवून पाहिलं, नाक मुरडलं, आणि बारावा म्हणून मला उचललं. मला तेव्हा फार अभिमान वाटला होता. अभिमानाची खोड मला पहिल्यापासूनच.

हिरसीनं मला चामड्याच्या पट्ट्यानं आरशाशेजारी टांगलं. बंदरातून साखर, तांदूळ, कापड भरायचं आणि धुळीच्या रस्त्यानं आतल्या मुलखात जायचं, हे त्याचं काम. वाटेत एल-गरस गावात अंबारोच्या टपरीवर थांबा ठरलेला. वेलची आणि उंटिणीचं दूध घातलेला तिचा चहा प्यायल्याशिवाय त्याचा ट्रक पुढे सरकत नसे.

मग एके दिवशी ट्रक खरंच पुढे सरकला नाही. एल-गरस आणि पलीकडचं बूरसारे, या दोन गावांत दोन जमातींची वस्ती. मधल्या विहिरीवरून त्यांच्यात ठिणगी पडली. देशात सरकार नावाची गोष्ट उरली नव्हती, समजूत घालणार कोण? बंदुका घेतलेल्या पोरांनी रस्त्यावर या झाडापासून त्या झाडापर्यंत एक जाड दोर बांधला आणि सावलीत जाऊन बसली. दोरापाशी जो जाईल त्याच्यावर गोळी.

हिरसीनं ट्रक वळवला. जाण्यापूर्वी त्यानं मला आरशावरून काढून अंबारोच्या हातात दिलं.

"हा तुझ्याकडे ठेव. रस्ता उघडला की येऊन घेऊन जाईन."

"आणि नाही उघडला तर?" अंबारोनं विचारलं.

"तर चहाबरोबर गाणी ऐकव लोकांना. तुझा चहा गोड लागायला काहीतरी निमित्त हवंच की!"

तो गेला. पुढे तो केनियात ट्रक चालवतो असं कानावर आलं. ऐकलेलं सांगतोय, पाहिलेलं नाही. हा फरक सांगायची सवय मला फार उशिरा लागली, त्याचीच ही गोष्ट आहे.

अंबारो चाळिशीची, अंगानं भरलेली, जिभेनं तिखट आणि मनानं मऊ. तिनं बकरीच्या कातड्याचं एक झाकण शिवून मला घातलं आणि खांबाजवळच्या फळीवर बसवलं. हिरसीचा चामडी पट्टा दुसऱ्याच आठवड्यात एका बकरीनं खाल्ला. बॅटऱ्या उतरल्या की अंबारो त्या पत्र्यावर उन्हात मांडायची, त्या तापल्या की पुन्हा माझ्या पोटात. त्यावर मी आणखी तासभर बोलायचो.

संध्याकाळी पाचला बातम्या. साडेचारपासूनच माणसं येऊन बसत. उंट हाकणारे, खाटीक, मशिदीतले मौलवी, मागे चुलीपाशी बायका. माझी खुंटी फिरली की कपबशीचासुद्धा आवाज होत नसे, सगळे जिवाचा कान करून ऐकत. इतकी माणसं इतक्या आदरानं रोज तोंडाकडे पाहायला लागली की कुणालाही चढेल. मलाही चढलं.

त्या माणसांत सगळ्यांत पुढे बसायचा रोब्ले. मेंदी लावून दाढी केशरी केलेला, सत्तरीचा, काटक म्हातारा. तरुणपणी तो टेहळ्या होता. कळप नव्या चराईला हलवायचा तर आधी एक माणूस पुढे जाऊन पाऊस, चारा, पाणी डोळ्यांनी पाहून येतो, आणि तो परत आल्याशिवाय तंबूची एक काठीही उपटत नाहीत. रोब्ले तिथलं मूठभर गवत कमरेला बांधून आणायचा आणि लोकांसमोर ठेवायचा. त्याच्या मुठीवर विश्वास ठेवून दोन-दोनशे उंट निघत.

या मुलखात रस्त्यात माणूस भेटला की सलाम झाल्यावर खबर द्यावीच लागते. न देता पुढे जाणं म्हणजे तहानलेल्याला पाणी न देता जाण्यासारखं. खबरीचा क्रमही ठरलेला. आधी शांतता की भांडण, मग पाऊस, मग चारा, मग विहिरीचं पाणी, आणि शेवटी माणसं, कोण जन्मलं, कोण गेलं. ऐकणारा मधे तोंड उघडत नाही. सगळं सांगून झालं की मग तो विचारतो, "पाहिलंस की ऐकलंस?" ऐकलं असेल तर कुणाकडून, आणि त्यानं तरी पाहिलं होतं का? चुकीच्या खबरीवर कोरड्या तळ्याकडे निघालेला कळप परत येत नाही. म्हणून खोटी खबर देणाऱ्याच्या नातवंडांनासुद्धा लोक त्या नावानं ओळखतात.

रोब्ले तर या प्रश्नाचा सावकारच. एकदा एक कापडविक्या आला आणि बसता बसता म्हणाला, "उत्तरेला पाऊस झाला, काका!"

"पाहिलास?"

"पाहिला की! हे एवढे काळे ढग."

"ढग मीही सत्तर वर्षं पाहतोय. भिजलास का?"

"भिजलो नाही..."

"मग ढग म्हण बाबा, पाऊस म्हणू नकोस. तुझं कापड विकायला बरं आहे ते, आमच्या उंटांना नाही."

टपरी हसली. कापडविक्यासुद्धा हसला.

असा हा माणूस. पण माझ्यापुढे बसला की त्यानं हा प्रश्न एकदाही विचारला नाही. कुणीच विचारला नाही. मी ठरल्या वेळी बोलायचो, अडखळायचो नाही, माझी भाषा शुद्ध, आवाज भारदस्त. चिंधीतला वाटसरू धुळीनं माखून येतो, चहा मागतो, नाक शिंकरतो, त्याला विचारावंसं वाटतं. मला काय विचारणार? "रेडिओनं सांगितलं," एवढं म्हटलं की वाद मिटायचा. आणि मी फळीवर बसून मनातल्या मनात मिशीला पीळ भरायचो.

रोब्लेची बायको दहाबो. दिसायला चिपाड, पण बोलायला लागली की रोब्लेची केशरी दाढी फिकी पडायची. त्यांची एकुलती एक मुलगी देका दोराच्या पलीकडे, बूरसारेत दिलेली. लग्न झालं तेव्हा दोर नव्हता. दोर आला आणि दोन वर्षं मायलेकींची भेट नाही. डिंक गोळा करणारा एक माणूस काट्यांच्या रानातून चार दिवसांचा वळसा घालून कधीमधी इकडे यायचा. त्यानंच खबर आणली की देकाला दिवस गेलेत, सातवा महिना लागलाय.

"पाहिलंस की ऐकलंस?" रोब्लेनं विचारलं.

"पाहिलं काका. पोट पाहिलं. आईची आठवण काढून रडत होती, तेही पाहिलं."

पहिल्या बाळंतपणाला आई शेजारी हवी, पुढचे चाळीस दिवस लेकीची उठबस तिनं करायची, ही इथली रीत. दहाबोनं त्याच दिवशी बाळासाठी मऊ कापड धुऊन वाळत घातलं. पण काट्यांचं रान तिच्या गुडघ्यांना झेपणारं नव्हतं, आणि रस्त्यावर दोर. रोब्लेनं साफ सांगितलं, "रस्ता डोळ्यांनी पाहिलेला माणूस येईपर्यंत तू हलायचं नाहीस."

"देकाच्या बापा, बाळ काय तुझ्या टेहळणीसाठी आत थांबून राहणार आहे?"

"तुला काही झालं तर मी पोरीला काय तोंड दाखवू?"

"आणि पोरीला काही झालं तर मला काय दाखवशील? दाढी?"

रोज हेच. रोब्ले येणाऱ्या-जाणाऱ्याला रस्त्याचं विचारायचा. कुणी म्हणे दोर काढणार आहेत, कुणी म्हणे काढलाय. "पाहिलास?" म्हटलं की सगळ्यांच्या माना खाली. म्हातारा उसासा टाकून चहा प्यायचा. दहाबो चुलीपाशी बसून माझ्याकडे पाहत राहायची. एकदा माझ्या बॅटऱ्या ऐन बातम्यांत उतरल्या, तर दुसऱ्या दिवशी तिनं घरचं तूप देऊन माझ्यासाठी चार नव्याकोऱ्या बॅटऱ्या आणल्या.

"घे गं, घाल त्याच्या पोटात," ती अंबारोला म्हणाली. "रस्त्याची बातमी यायची आणि हा मेला नेमका घसा धरून बसायचा."

तिनं मला पोटभर जेवू घातलं. ते आठवलं की आजही मला माझ्या आवाजाची शिसारी येते.

बॅटऱ्या घातल्याच्या तिसऱ्या दिवशी ती बातमी आली. त्या काळात बंदराच्या शहरात बंदूकवाल्या टोळीचा जो तो सरदार आपापलं रेडिओ केंद्र काढून बसला होता. त्यातल्याच एका केंद्रावरचा एक खर्जातला आवाज माझ्या तोंडून म्हणाला, "दोन्ही जमातींच्या प्रमुखांनी आज करारावर सह्या केल्या आहेत. एल-गरस ते बूरसारे हा रस्ता आजपासून मोकळा आहे. प्रवाशांनी निर्धास्तपणे ये-जा करावी."

सह्या झाल्या होत्या, ते खरं. शहरातल्या हॉटेलात, पंख्याखाली. रस्ता मोकळा आहे हे मात्र कुणीतरी कागदावर लिहिलं आणि कुणीतरी वाचलं. दोरापर्यंत कुणी गेलं नव्हतं. दोरापाशी बसलेल्या पोरांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांच्याकडेही माझ्यासारखाच एक रेडिओ होता म्हणे, पण बॅटऱ्या नव्हत्या.

मी मात्र आनंदात होतो. रस्ता उघडला म्हणजे हिरसी येणार, मला पुन्हा आरशाशेजारी टांगणार, पुन्हा धूळ, पुन्हा समुद्र! मला स्वतःचीच पडली होती. नव्या बॅटऱ्यांचा जोर आणि त्यात हा आनंद, माझा आवाज त्या दिवशी असा खणखणीत लागला की रस्त्यावरची माणसं धावत आली.

टपरीत एकच गलका झाला. अंबारोनं सगळ्यांना फुकट चहा ओतला. कुणी रोब्लेला मिठी मारली.  रोब्लेच्या कपाळाला आठी पडली होती आणि ओठ हलायला लागले होते. ती आठी मला चांगली ओळखीची होती.

पण दहाबोनं त्याच्याआधी तोंड उघडलं. चुलीपासून उठून ती कमरेवर हात ठेवून त्याच्यासमोर उभी राहिली.

"आता काय विचारशील, टेहळ्या? जा, विचार त्या पेटीला! पाहिलंस की ऐकलंस?"

हास्याचा असा स्फोट झाला की छपरावर बसलेले कावळे उडाले. रोब्लेही हसला. दाढी थरथरेपर्यंत हसला. त्याचा प्रश्न त्या हसण्यातच विरघळला. आणि नेमकं त्याच वेळी माझ्यातून लग्नाचं एक गाणं सुरू झालं. म्हणजे मीही हसल्यासारखंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी वाहणाऱ्या शम्सो नावाच्या बाईच्या गाढवगाडीवर बसून दहाबो निघाली. मांडीवर तुपाचं लाकडी भांडं, पदराखाली बाळाचं कापड. टपरीवरून जाताना तिनं माझ्याकडे बोट करून अंबारोला ओरडून सांगितलं, "परत येईन तेव्हा आणखी चार बॅटऱ्या आणीन गं त्याच्यासाठी!"

त्यानंतरच्या दुपारी शम्सो परत आली. चालत आली. गाढव नव्हतं, गाडी नव्हती, चपलासुद्धा नव्हत्या. रोब्ले टपरीवरच होता. ती त्याच्यासमोर जमिनीवर बसली आणि खबर देऊ लागली. क्रम मोडून, शेवटून सुरुवात करून. रोब्लेनं ऐकून घेतलं, मधे तोंड उघडलं नाही. मग अगदी हळू आवाजात, जणू उत्तर येऊच नये अशा आवाजात त्यानं विचारलं,

"पाहिलंस की ऐकलंस?"

"पाहिलं, काका."

दोर होता. दहाबोला वाटलं, काढायचा राहून गेला असेल. ती गाडीवरून उतरली, दोन्ही हातांनी दोर वर उचलला, गाढवाला वाट करून दिली, आणि झाडाखालच्या पोरांकडे पाहून हसत म्हणाली, "अरे पोरांनो, रेडिओ नाही का ऐकलात?"

पोरं घाबरली असतील, झोपेत असतील, नशेत असतील. गोळी सुटली. शम्सो रानात पळाली. पलीकडच्या गावकऱ्यांनी दहाबोला तिथेच रस्त्याकडेला माती दिली, तेही तिनं झुडपाआडून पाहिलं.

तिच्या तोंडचं शेवटचं वाक्य माझ्याविषयी होतं. मी कुठे तोंड लपवू? मला तर तोंडही धड नाही, नुसती जाळी आहे.

त्या संध्याकाळी पाच वाजता रोब्ले आला. कुणी त्याच्याकडे पाहायला धजेना. तो नेहमीच्या जागी बसला नाही. सरळ फळीपाशी आला, माझ्यावरचं कातड्याचं झाकण बाजूला केलं आणि माझी खुंटी स्वतः फिरवली. जाळीजवळ तोंड आणून त्यानं विचारलं,

"पाहिलंस की ऐकलंस?"

माझ्यातून साबणाची जाहिरात चालू होती. एक बाई गोड गळ्यानं सांगत होती की या साबणानं कपडे दुधासारखे शुभ्र होतात.

"तुला विचारतोय. रस्ता पाहिला होतास का?"

शुभ्र कपडे, मुलायम हात, आजच घरी आणा.

अंबारोला रडू आवरेना. तिनं खुंटीकडे हात नेला. "राहू द्या ना काका..."

"बंद करू नकोस. बोलू दे त्याला. इतके दिवस बोलला, आता उत्तरही देऊ दे."

तो उभा राहिला. जाहिरात संपेपर्यंत, मग गाणं संपेपर्यंत. माणूस खोटं बोलला तर नजर चोरतो, कान धरतो, पाया पडतो. मला एक शब्द बदलता येईना. मी गात राहिलो. त्या दिवशी मला कुणी दगडावर आपटलं असतं तर मी त्याचे उपकार मानले असते. पण रोब्लेनं तेही केलं नाही. त्यानं झाकण पुन्हा नीट घातलं, वरून हात फिरवला आणि म्हणाला, "ह्याला काय बोलायचं? ही पेटीच आहे. विचारायचं मी विसरलो." आणि काठी टेकत निघून गेला.

दोष माझा होता, आणि तो त्यानं स्वतःच्या खांद्यावर घेतला. याची लाज मला गोळीपेक्षा जास्त लागली.

अंबारोनं मला पोत्यात गुंडाळून पिठाच्या डब्यामागे ठेवलं. दहाबोनं आणलेल्या बॅटऱ्या माझ्या पोटातच राहिल्या, फुटल्या, आणि त्यांचं पाणी माझ्या तारांवर चढून हिरवी बुरशी धरली. बाहेरचं मला अर्धवट ऐकू येई. डिंकवाला येऊन सांगून गेला की देकाला मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत. "पाहिलीस?" "मांडीवर घेतली काका, धार सोडली माझ्या अंगावर." कुणीतरी हलकंसं हसलं. 

वर्ष उलटलं तेव्हा लोकच म्हणू लागले, अंबारो, काढ त्याला, जगात काय चाललंय कळत नाही. तिनं माझं पोट लिंबानं घासून पुसलं आणि मला पुन्हा फळीवर बसवलं. पण पूर्वीसारखं काही राहिलं नव्हतं. पहिल्याच दिवशी बातम्या संपल्यावर खाटकानं माझ्याकडे पाहून विचारलं, "पाहिलंस की ऐकलंस?" कुणी हसलं नाही. मागून एक म्हातारी बोलली, "ऐकलं." मग दोघं-तिघं म्हणाले, "ऐकलं." पुढे ती टपरीची रीतच झाली. रोज बातम्यांनंतर एक जण विचारायचा आणि माझ्या वतीनं सगळे उत्तर द्यायचे. परगावचा माणूस गोंधळून पाहायचा. रोब्ले त्या वेळी माझ्याकडे पाठ करून बसलेला असायचा, पण बसायचा.

आणखी एक वर्ष गेलं आणि एका संध्याकाळी माझ्या तोंडून पुन्हा तेच आलं. दोन्ही गावच्या वडीलधाऱ्यांनी झाडाखाली बसून समेट केला आहे. दोर काढण्यात आला आहे. रस्ता मोकळा आहे.

 माझा आवाज घशातच अडकावा असं मला वाटत होतं, पण बॅटऱ्या चांगल्या होत्या.

रोब्ले सावकाश वळला. दोन वर्षांत पहिल्यांदा त्यानं माझ्याकडे तोंड केलं.

"पाहिलंस की ऐकलंस?"

"ऐकलं," टपरी म्हणाली.

"मग मी पाहून येतो."

"काका, काहीतरीच काय!" अंबारो चुलीवरून उठली. "वय काय तुमचं? कुणीतरी तरणाताठा जाईल की."

"तरण्याताठ्याच्या मागे आई असते, अंबारो. माझ्या मागे इथे कोण आहे? आणि टेहळ्या कोण होता या गावात? तू की मी?"

"आणि दोर असला तर?"

"तर लांबून पाहीन आणि परत येईन. म्हातारा झालोय, आंधळा नाही."

पहाटेच्या नमाजानंतर तो गेला. जायचा एक दिवस, यायचा एक दिवस. दोन दिवस झाले, तीन झाले, चार झाले. लोक चहा प्यायचे आणि रस्त्याकडे पाहायचे. मी रोज पाचला बोलायचो, आणि माझं कुणी ऐकत नव्हतं. मला एकच भीती होती. एकाच घरातली दोन माणसं मी मारली, असं तर होणार नाही? मला नमाज पढता येत नाही. सकाळी माझ्यावर कुराणाचं पठण लागायचं, तेवढं मी मन लावून म्हणायचो.

सहाव्या दिवशी बातम्या सुरू होत्या. कुठल्याशा देशात कुठलेसे मंत्री भेटणार होते. रस्त्याकडे तोंड करून बसलेली म्हातारी एकदम उभी राहिली. मग सगळेच उभे राहिले.

केशरी दाढी. तिच्यामागे डोक्यावर गाठोडं घेतलेली एक तरुण बाई. बाईचं बोट धरून धुळीत पाय ओढत चालणारी एक चिमुरडी.

मी मंत्र्यांचं सांगतच होतो. अंबारो माझ्यापाशी आली आणि वाक्याच्या मध्यातच माझी खुंटी फिरवून तिनं मला बंद केलं. बातम्या चालू असताना मला बंद करण्याची ती पहिलीच वेळ. माझ्या जन्मात इतकं बरं मला कधी वाटलं नव्हतं.

रोब्ले बसला. पाणी प्याला. मग त्यानं खबर दिली, क्रमानं, जशी द्यायची असते तशी.

"शांतता आहे. पाऊस नाही. चारा पिवळा आहे, पण आहे. विहिरीला पाणी आहे, दोन्हीकडचे उंट पाळीनं पितात. दहाबोच्या कबरीवरचे दगड नीट रचलेले आहेत, कोल्ह्यानं उकरलेलं नाही. तिथे तीन दिवस बसलो, म्हणून उशीर झाला. देकाची मुलगी दोन वर्षांची आहे. नाव दहाबो. आजीसारखीच तोंडाळ आहे."

अंबारोनं डोळे पुसले आणि रीतीप्रमाणे विचारलं, "पाहिलंत की ऐकलंत, काका?"

रोब्लेनं कमरेला हात घातला. पूर्वी तो तिथून गवताची मूठ काढायचा. आज त्यानं हातभर लांबीचा, काळपट, जाड दोराचा तुकडा काढून चहाच्या टेबलावर ठेवला.

"पाहिलं," तो म्हणाला.

टपरीतला एकेक जण पुढे येऊन त्या तुकड्याला हात लावून गेला. देका मात्र माझ्याकडे पाहत होती.

"हाच का तो?"

"हाच," रोब्ले म्हणाला.

"काय म्हणाला होता हा? शब्द सांग, अब्बा."

एकदा बोललेलं मला पुन्हा म्हणून दाखवता येत नाही. पण रोब्लेनं मान खाली घालून पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत ती बातमी म्हणून दाखवली. 'निर्धास्तपणे ये-जा करावी' इथपर्यंत.

"आणि तू त्याला विचारलं नाहीस?"

"नाही विचारलं, पोरी."

 देका बराच वेळ बापाच्या खांद्यावर हात ठेवून बसली. मग उठली, टेबलावरचा दोर उचलला आणि माझ्याजवळ आली. मला वाटलं, आता ही मला फेकणार. पण तिनं मला उचलून माझ्या दोन्ही कड्यांतून, जिथे कधीकाळी हिरसीचा पट्टा होता तिथून, तो दोर ओवला, गाठ मारली आणि मला खांबाच्या खिळ्याला टांगलं.

"राहू दे ह्याच्या गळ्यात," ती म्हणाली.

तेव्हापासून तो माझ्या गळ्यात आहे. आता मी म्हातारा झालोय. माझी एरियल मोडली, तिथे तार गुंडाळली आहे. माझा निम्मा आवाज खरखरीत जातो. लोकांच्या हातात आता फोन आले आहेत, ते माझ्यापेक्षा भराभर बोलतात, आणि त्यांना कुणी काही विचारत नाही. रोब्ले गेल्या उन्हाळ्यात गेला. त्याची नात दहाबो आजोळी आली की अंबारोच्या टपरीवर येते, टाचा उंचावून माझी खुंटी फिरवते आणि मी दोन शब्द बोललो-न बोललो की माझ्या जाळीला तोंड लावून खडसावते, "पाहिलंस की ऐकलंस?"

ऐकलं गं, पोरी. मी फक्त ऐकलं होतं.